सध्या काय वाचताय? अर्ध्यात असलेल्या पुस्तकाबद्दल सांगायचं कसं

वाचणाऱ्या लोकांचा एखादा ग्रुप जॉइन केला की सुरुवातीला माणूस नुसता बघत बसतो. बाकीचे धडाधड लिहीत असतात, हे वाचतोय, ते संपत आलंय, आणि आपल्या हातात पुस्तक असूनही काही लिहवत नाही. का म्हणून विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "अजून संपलं कुठे, संपलं की लिहितो ना." आणि संपल्यावर लिहिलं जातच नाही, कारण तोवर दुसरं हातात आलेलं असतं आणि पहिल्यातलं निम्मं डोक्यातून गेलेलं असतं.

तर पुस्तक संपल्याशिवाय त्याबद्दल बोलू नये हे आधी डोक्यातून काढा. 'सध्या वाचतोय' ही नोंद म्हणजे परीक्षण नव्हे. परीक्षणात निकाल असतो, इथे तो लागायचाय, आणि मजा त्यातच आहे. पान १४० वर तुम्हाला जो संशय येतोय, जे पात्र डोक्यात जातंय, ते शेवट कळल्यावर पुन्हा तसं कधीच वाटणार नाही. ज्यांचं ते पुस्तक आधीच वाचून झालंय त्यांना नेमकं तेच ऐकायचं असतं, आणि ज्यांचं नाही झालं त्यांना शंभर स्टारांपेक्षा तेवढ्यावरून जास्त कळतं.

खाली जे लिहिलंय ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. जुन्या खोडांनी हवं तर थेट स्पॉयलरवर (म्हणजे पुढचं कथानक आधीच फोडणं) जावं, भांडणं तिथेच होतात.

हाताशी काय ठेवायचं

फार काही लागत नाही, पण हे नसलं की दर वेळी अडतं:

- पुस्तक समोर उघडं (किंवा ई-रीडर, ऑडिओबुकचं ॲप). आठवणीतून लिहू नका, नावं चुकतात.
- फोनमध्ये मराठी कीबोर्ड. जीबोर्डमध्ये मराठी ॲड केलं की टाइप करता येतं आणि माइक दाबून बोलताही येतं. बोलून लिहिलेलं पाठवण्याआधी एकदा वाचा, खासकरून माणसांची आणि गावांची नावं, तिथे हमखास घोळ होतो.
- कागदाच्या पट्ट्या आणि पेन्सिल. नंतर सांगू म्हणून ठेवलेलं वाक्य नंतर कधीच सापडत नाही, तेव्हा वाचतानाच पट्टी घाला. लायब्ररीचं पुस्तक असेल तर पेन्सिलसुद्धा नको.
- नोंदी साठवायची एक जागा, वही म्हणा नाहीतर फोनमधली नोट.

१) पुस्तकाची नीट ओळख द्या

नुसता मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली "सुरू केलं 😍", अशा नोंदी सगळीकडे दिसतात आणि त्यांचा कोणालाही उपयोग होत नाही. चार महिन्यांनी एखाद्याला ते पुस्तक शोधायचं असेल तर चॅटमध्ये सर्च मारून फोटोतलं नाव सापडणार नाही, टाइप केलेलं सापडेल. म्हणून फोटो टाका, पण नाव आणि लेखक अक्षरांत लिहाच, आणि देवनागरीत लिहा.

बाकीची माहिती पुस्तकातच असते, शीर्षकाच्या पानामागच्या पानावर. प्रकाशक, पहिली आवृत्ती कधीची, तुमच्या हातातली कितवी, मुखपृष्ठ कोणाचं, सगळं तिथे मिळतं. यातलं सगळं उतरवायची गरज नाही. नाव, लेखक, प्रकार (कादंबरी, कथासंग्रह, ललित, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, जे असेल ते), प्रकाशक आणि तुमच्याकडची आवृत्ती, एवढं पुरे. आवृत्ती का, तर पुनर्मुद्रणात मजकूर साधारण तोच राहतो पण सुधारित आवृत्तीत लेखकाने प्रकरणं वाढवलेली असू शकतात, आणि मग दोघं जण एकाच पुस्तकाबद्दल बोलताना एकमेकांना खोटं पाडत बसतात.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, द्यायचा का? पुस्तक दुर्मीळ असेल किंवा एकाच नावाची दोनतीन पुस्तकं असतील तर द्या. बारकोडजवळ ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणारा १३ आकडी नंबर असतो तो. १ जानेवारी २००७ च्या आधी हा नंबर १० आकडी असायचा, कधी शेवटी इंग्रजी एक्स, तेव्हा जुन्या पुस्तकावर तसला दिसला तर चुकीचा समजू नका. कापडी बांधणी, पेपरबॅक आणि ई-बुक यांचे नंबर वेगवेगळे असतात. आणि फारच जुनं पुस्तक असेल तर नंबर नसणारच, ही पद्धतच १९७० च्या सुमाराला आली.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव घ्याच घ्या! मूळ लेखक, मूळ भाषा आणि अनुवादक, तिन्ही. तुम्ही जी वाक्यं वाचून खूश होताय ती त्या माणसाने लिहिलीत, आणि एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद असले की एक वाचवत नाही आणि दुसरा हातातून सुटत नाही असंही होतं. ऑडिओबुक असेल तर तसंच ज्याने वाचलंय त्याचं नाव.

२) कुठवर आलात ते सांगा

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. "छान चाललंय" म्हणजे वीस पानं झालीत की शेवटचं प्रकरण बाकी आहे? समोरच्याला हे माहीत नसलं तर तो बिचारा काय बोलावं आणि काय नाही या पेचात पडतो आणि गप्प बसतो.

पान नंबर द्यायचा तर एकूण पानंही द्या, कारण तुमचं पान ९० आणि दुसऱ्याच्या आवृत्तीतलं पान ९० एक नसतं. ई-रीडरवर तर अक्षरं मोठी केली की स्क्रीन वाढतात, तिथे टक्के सांगा. ऑडिओबुकला किती तास ऐकून झालं ते सांगून भागत नाही कारण कोणी दीडच्या स्पीडने ऐकतं. सगळ्यांना चालेल असं माप एकच, प्रकरण. "प्रकरण सात संपलं, एकूण एकोणीस आहेत" एवढं म्हटलं की काम झालं. कथासंग्रह आणि कवितांना ही भानगडच नाही, कुठली कथा वाचली तिचं नाव लिहा.

(ऐकणं म्हणजे वाचणं का, हा वाद कुठल्याही ग्रुपमध्ये वर्षातून एकदा तरी उकरून काढला जातो. त्यात पडू नका. "ऐकतेय" असं लिहा आणि पुढे चला.)

३) एकच गोष्ट उचला आणि ती जवळून दाखवा

इथे थोडा वेळ द्या, बाकी सगळं नाही जमलं तरी चालेल.

नवखा माणूस लिहायला बसला की कथानक सांगायला लागतो. एक गाव असतं, तिथे एक कुटुंब असतं, मग असं होतं, मग तसं होतं. वाचणारा तिसऱ्या ओळीला सटकतो. नाहीतर मग मलपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला जातो, जो विकण्यासाठी लिहिलेला असतो आणि ज्यात तुमचं काहीच नसतं. तिसरा प्रकार विशेषणांचा: अप्रतिम, खिळवून ठेवणारं, अंतर्मुख करणारं. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चिकटतात म्हणून कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. स्वतःचीच जुनी नोंद काढून बघा, पुस्तकाचं नाव झाकलं तर ती दुसऱ्या पुस्तकाला लागू पडते का? पडत असेल तर ती नोंद वाया गेली समजा.

उदाहरण देते. समजा एक कादंबरी आहे, दीपगृहावर राहणाऱ्या बाप आणि मुलीची (ही मी आत्ता बनवलीय, शोधत बसू नका). त्यावर विशेषणांची नोंद अशी:

"सध्या ही कादंबरी वाचतेय. बाप आणि मुलीच्या नात्याचं अतिशय हृदयस्पर्शी चित्रण. लेखकाची भाषा ओघवती आहे. नक्की वाचा!"

आणि दुसरी अशी:

"प्रकरण ५ संपलं, एकूण १४. बाप रोज रात्री दिव्याची वही भरतो, वारा, दृश्यमानता, किती जहाजं दिसली, आणि लेखक त्या वहीची पानंच देतो, मध्ये काही स्पष्टीकरण नाही. पहिल्या दोन वेळा मी ती चाळून पुढे गेले. पाचव्या प्रकरणात मुलगी तीच वही वाचते आणि तेव्हा लक्षात येतं की बापाने तीन तारखा गाळल्यात. मागे जाऊन बघितलं तर खरंच नाहीत! आता मला कळत नाहीये की हे बापाने लपवलंय की लेखकाने मला फसवलंय. बोलीभाषा थोडी जड जाते, एका बैठकीत दहाबारा पानांच्या वर होत नाही. हे असं वह्या-पत्रांतून सांगितलेलं आणखी काही वाचलंय का कोणी?"

दुसरीत कथानक जवळजवळ नाहीच आहे, तरी पुस्तक कसं आहे ते कळलं. वाचणारी कुठे अडली, कुठे मागे गेली, कशाने वैतागली हे आलं. आणि शेवटी असा प्रश्न आहे ज्याला ते पुस्तक न वाचलेला माणूसही उत्तर देऊ शकतो, हे मुद्दाम लक्षात घ्या. "तुमचं काय मत?" असं विचारलंत की ज्यांनी वाचलंय तेच बोलणार, आणि एका वेळी एकच पुस्तक वाचलेले पाच लोक कुठल्याच ग्रुपमध्ये नसतात.

काय उचलावं सुचत नसेल तर स्वतःला विचारा, मी शेवटचं थांबले कुठे? कुठलं पान दोनदा वाचलं, कुठे शब्दकोश काढला, कुठे घरातल्या कोणाला हाक मारून "हे ऐक ना" म्हटलं. ती जागा. माहितीपर पुस्तक असेल तर आधी आपल्याला काय वाटत होतं आणि आता काय वाटतंय तेवढं सांगितलं तरी पुरतं, त्यात लेखकाचा पुरावा पटला नसेल तर तेही सांगा.

लांबी म्हणाल तर फोनच्या एका स्क्रीनमध्ये मावेल एवढी. व्हॉट्सॲप लांब मेसेज कापून "अधिक वाचा" दाखवतं आणि तिथून पुढे दाबणारे कमीच, म्हणून मुद्द्याची गोष्ट वर आणि आवृत्ती-प्रकाशक खाली.

४) स्पॉयलर: कुठवर बोलायचं

यावर मैत्र्या तुटतात, थट्टा नाही. साधा नियम म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या पाव भागात जे घडतं ते मोकळेपणाने, त्यापुढचं झाकून. पण रहस्यकथा असेल तर पाव भागसुद्धा जास्त होतो. तिथे "शेवटी जबरदस्त धक्का आहे" हे वाक्यही स्पॉयलरच, कारण मग वाचणारा प्रत्येक पानावर धक्क्याची वाट बघत बसतो. माझ्या मते हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि करणाऱ्याला आपण काही फोडलं असं वाटतही नाही.

उलट बाजूचेही लोक आहेत. ते हमखास २०११ चा तो अभ्यास काढतात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोन संशोधकांचा, ज्यात लोकांना काही कथांचा शेवट आधीच सांगून मग त्या वाचायला दिल्या आणि त्यांना त्या उलट जास्त आवडल्या असं निघालं. अभ्यास खरा आहे, पण त्यातल्या होत्या लघुकथा, अर्ध्या बैठकीत संपणाऱ्या. सहाशे पानांची कादंबरी महिनाभर पुरवून वाचणाऱ्याला तो दाखवण्यात अर्थ नाही, आणि नंतरच्या एका अभ्यासात शेवट फोडलेल्या गोष्टींची मजा कमी झाली असंही दिसलं. शेवट आधी कळावा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, त्याच्या वतीने आपण नाही.

झाकायचं कसं ते ॲपवर अवलंबून आहे. टेलिग्राममध्ये मजकूर सिलेक्ट करून फॉरमॅटिंगमधून स्पॉयलर निवडला की अक्षरं धूसर होतात आणि दाबल्यावरच दिसतात. डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तेच. गुडरीड्स या वाचनाच्या नोंदी ठेवायच्या साइटवर लिहिताना स्पॉयलर आहे अशी खूण करता येते. व्हॉट्सॲपवर मी जुनाच उपाय करते, वर ठळक अक्षरांत "प्रकरण ९ नंतरचं लिहिलंय" आणि मग एकाखाली एक दहाबारा टिंबं, त्याखाली मजकूर. दिसायला गावठी आहे पण चालतं.

एक मोठा सापळा रिप्लायमध्ये असतो. तुम्ही सांभाळून लिहिता आणि खाली कोणीतरी "हो ना, आणि ती मरते तेव्हा तर मी रडलेच" असं टाकून मोकळं होतं. यावर इलाज म्हणजे नोंदीतच लिहून टाका, "माझं अजून सातवं चालू आहे, पुढचं सांगू नका." तरीही कोणी सांगितलंच तर डिलीट करायला सांगा, लाजू नका. त्या माणसाने मुद्दाम केलेलं नसतं, पण तुमच्यामागे आणखी चार जण वाचणारे असतात.

५) उतारा आणि फोटो

एक परिच्छेद उतरवून दिला तर नोंदीत जान येते. पण एकच, आणि पान नंबरासकट. उतारा कुठे सुरू आणि कुठे संपतो ते अवतरणचिन्हांनी दाखवा, नाहीतर पुढे फॉरवर्ड होताहोता तुमचं वाक्य लेखकाच्या नावावर जातं आणि लेखकाचं तुमच्या. थोरामोठ्यांच्या नावावर भलतीच वाक्यं फिरतात ना, ती अशीच जन्माला येतात. व्हॉट्सॲपवर ओळीच्या सुरुवातीला गणितातलं 'पेक्षा मोठे'चं चिन्ह आणि एक स्पेस दिली की ती ओळ उताऱ्यासारखी वेगळी दिसते, ते वापरा.

हाताने टाइप करायचा कंटाळा असेल तर गूगल लेन्स पानावरचा देवनागरी मजकूर उचलून देतं. बरंचसं बरोबर येतं, पण जोडाक्षरं, रफार, अनुस्वार आणि ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द डोळ्यांखालून घाला. जुन्या छपाईची किंवा पिवळी पडलेली पानं असतील तर जास्तच.

किती उतरवलेलं चालतं? वेगवेगळ्या देशांचे कायदे वेगळे, पण मूळ तत्त्व लेखनहक्कांबद्दलच्या, १८८६ पासून चालत आलेल्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात आहे: प्रसिद्ध झालेल्या लेखनातलं अवतरण देता येतं, ते कामापुरतं असावं आणि लेखकाचं व कृतीचं नाव द्यावं. म्हणजे परिच्छेद ठीक, अख्ख्या प्रकरणाचे फोटो नाही. कवितेचं जरा अवघड असतं कारण चार ओळी म्हणजे कधीकधी पूर्ण कविता. तिथे एखाददुसरी ओळ द्या आणि बाकी पुस्तक घेऊन वाचा म्हणा.

फोटो खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद, नाहीतर गुळगुळीत मुखपृष्ठावर पांढरा गोळा येतो. आणि पाठवायच्या आधी फोटो झूम करून बघा. पहिल्या पानावर कोणीतरी पेनाने लिहिलेलं "प्रिय अमुकतमुकला वाढदिवसानिमित्त", खाली पत्ता, लायब्ररीच्या कार्डावरचा सभासद क्रमांक, ई-रीडरऐवजी फोनवर वाचत असाल तर स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीत आलेलं बँकेचं नोटिफिकेशन. हे सगळं लोकांनी टाकलेलं मी बघितलंय.

६) कुठे सांगायचं

ओळखीच्या पाचसात जणांपासून सुरू करा. मोठ्या ग्रुपमध्ये नवीन माणसाची नोंद वाहून जाते, त्यात कोणाचा दोष नसतो पण हिरमोड होतो.

वाचनाची नोंद ठेवणारी ॲपंही आहेत. लायब्ररीथिंग २००५ पासूनचं, ज्यांना आपल्या कपाटातली पुस्तकं नीट लावून ठेवायचीत त्यांचं. गुडरीड्स २००७ मध्ये सुरू झालं आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने घेतलं. तिथे माणसं सगळ्यात जास्त, 'करंटली रीडिंग' असा कप्पा आयताच मिळतो आणि पान नंबर टाकत गेलं की मित्रांना दिसतं. स्टोरीग्राफ त्यामानाने नवं, तिथे पाव आणि अर्धा स्टार देता येतो आणि पुस्तकाचा मूड, वेग असंही नोंदवता येतं.

मराठी पुस्तकांची तिथे एक अडचण येते. एकच पुस्तक कधी देवनागरीत, कधी रोमन अक्षरांत, कधी दोन वेगळ्या स्पेलिंगने चढवलेलं असतं, आणि तुम्ही घाईत चौथं चढवता. आधी सगळ्या तऱ्हेने शोधा, आयएसबीएन टाकून बघा, मगच नवीन नोंद करा. दुहेरी नोंदी एकत्र करायचं काम गुडरीड्सवर स्वयंसेवक करतात ज्यांना तिथे लायब्रेरियन म्हणतात, त्यांना कळवता येतं.

प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी डोकवा. आजाराबद्दलचं, घटस्फोटाबद्दलचं, नोकरी सोडण्याबद्दलचं पुस्तक वाचताय हे ऑफिसमधल्या सगळ्यांना कळायलाच हवं असं नाही.

७) प्रत्यक्ष भेटीत सांगताना

पुस्तकवाल्यांची गाठभेट असेल तर पुस्तक सोबत न्या. हातात घेऊन बघता येण्याने जो फरक पडतो तो दहा मिनिटं बोलून पडत नाही. वाचून दाखवायचा परिच्छेद आदल्या दिवशी ठरवा, पट्टी घाला आणि घरी एकदा मोठ्याने वाचा, कारण मनातल्या मनात सुंदर वाटणारं लांबलचक वाक्य मोठ्याने वाचताना दम संपतो तेव्हा कळतं. चारपाच मिनिटांत आटपा. दहा जणांनी पाच-पाच मिनिटं घेतली तरी पाऊण तासाच्या वर जातो, आणि गप्पा तर त्यानंतर व्हायच्यात. लेखकाचा जीवनपट सांगू नका, तो सगळ्यांच्या फोनवर आहे.

८) आवडत नसेल किंवा सोडून दिलं असेल तर

तेही सांगा, गुपचूप नोंद पुसू नका. "पान ८० ला सोडलं, एका प्रसंगात पाच पात्रं एकदम आली आणि मला कोण कोणाचं तेच कळेना" ही अतिशय कामाची माहिती आहे, एखादा तेवढ्यावरूनच ते पुस्तक घ्यायचा, कारण त्याला माणसांची गर्दीच आवडते. स्टोरीग्राफवर यासाठी वेगळी खूणच आहे. मात्र अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकाला एक स्टार देऊन मोकळं होणं मला पटत नाही. न वाचलेल्या भागाला मार्क कसे देणार?

आणि मराठी वाचकांचं जग लहान आहे हे लक्षात असू द्या, ज्या लेखिकेबद्दल लिहिताय ती त्याच ग्रुपमध्ये शांतपणे बसलेली असू शकते, किंवा तिचा भाऊ असू शकतो. याचा अर्थ गोडगोड लिहा असा नाही, पुस्तकाबद्दल लिहा, माणसाबद्दल नको. "संवाद कृत्रिम वाटले, उदाहरणार्थ पान ३२" चालतं, "यांना लिहिताच येत नाही" चालत नाही. नावडलेल्या पुस्तकात लेखकाला टॅग करणं तर अजिबात नको.

९) दुसऱ्याने सांगितलं तर

सांगणारे पुष्कळ असतात, उत्तर देणारे कमी, आणि ग्रुप आटतात ते यामुळे. अंगठा दाखवून पुढे जाऊ नका, एक तरी प्रश्न विचारा. "हे मी दहा वर्षांपूर्वीच वाचलंय" याने समोरचा गप्प होतो, त्याऐवजी "तुमचं आठवं प्रकरण झालं की सांगा, मला तिथे एक विचारायचंय" म्हणा. आपण दोन नोंदी टाकायच्या तर मध्ये पाचसहा जणांच्या नोंदींवर बोलून झालेलं असावं, हा माझा आपला हिशेब, तुम्ही वेगळा करा.

वर्षाला इतकी पुस्तकं अशा चॅलेंजमध्ये पडायचं तर पडा, पण मग माणूस बारीक पुस्तकं निवडायला लागतो आणि नोंदी तारखेपुरत्या होतात. जाडजूड पुस्तकावर दोन महिने असणारा माणूस ग्रुपला जास्त काही देतो असं माझं निरीक्षण आहे, कारण तो दर आठवड्याला काहीतरी घेऊन येतो.

१०) "पीडीएफ मिळेल का?"

येणारच हा प्रश्न. चांगली नोंद लिहिलीत की दहा मिनिटांत कोणीतरी विचारतंच. चिडू नका, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. लेखक गेल्यानंतर साधारण ५० ते ७० वर्षं, देशाप्रमाणे, हक्क (कॉपीराइट) राहतात, तेव्हा स्कॅन केलेली फाइल फिरवणं म्हणजे चोरीच, हे एकदा सरळ सांगा आणि लगेच पुस्तक कुठे मिळेल ते सांगा: ई-बुक आहे का, लायब्ररीत आहे का, प्रकाशकाकडे अजून छापील प्रत आहे का. नुसतं "नाही" म्हणून थांबलात तर तो दुसरीकडून मिळवणारच आहे. हक्क संपलेलं जुनं पुस्तक असेल तर खुशाल लिंक द्या. फक्त जुन्या पुस्तकाचा नवा अनुवाद असेल तर अनुवादाचा हक्क वेगळा असतो, तो तपासा.

पुस्तक उसनं मागणारेही येतील. द्यायचं तर आधी तुमचं वाचून होऊ द्या, आणि देताना मुखपृष्ठाचा फोटो त्याच माणसाला पाठवून खाली लिहा, "आज दिलं." तारीख, नाव, पुराव्यासकट सगळं एकाच जागी राहतं आणि तीन महिन्यांनी त्याच मेसेजला रिप्लाय करून आठवण करता येते, वेगळं काही बोलावं लागत नाही.

११) नोंदी साठवून ठेवा

चॅटमधलं लिखाण फोन बदलला की जाऊ शकतं, ॲप बंद पडलं की जातं. ग्रुपवर टाकलेली प्रत्येक नोंद आपल्या वहीत किंवा नोटमध्ये कॉपी करा, तारीख घाला आणि पुस्तक संपलं की त्याखाली चार ओळी वाढवा, आधीचं खोडू नका. प्रकरण पाचला घेतलेला संशय आणि शेवटाला काय निघालं हे एकाखाली एक वाचायला फार मजा येते, आणि पुढे कधी सविस्तर परिचय लिहायचा झाला तर निम्मं काम झालेलं असतं.

गुडरीड्सवर असाल तर अधूनमधून सगळी यादी उतरवून घ्या. ब्राउझरमध्ये साइट उघडून 'माय बुक्स'मध्ये गेलं की बाजूला इम्पोर्ट-एक्सपोर्टचा पर्याय आहे, त्यातून सीएसव्ही फाइल (साध्या तक्त्याची) मिळते, आणि तीच फाइल स्टोरीग्राफ किंवा लायब्ररीथिंगवर चढवता येते. ती एक्सेलमध्ये थेट उघडली आणि मराठी नावांच्या जागी भलतीच चिन्हं दिसली तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. एक्सेलच्या डेटा टॅबमधून फाइल आत घ्या आणि युटीएफ-८ निवडा, नाहीतर सरळ गूगल शीट्समध्ये उघडा, तिथे नीट दिसतं.